थंडी ‘दुप्पट’ झाली म्हणजे काय झालें ?

वर्तमानपत्रांत व मोबाइलवरील बातम्यांत अलीकडे एक शब्दप्रयोग फार रूढ झाला आहे. पारा १२ अंशांवरून ६ अंशांवर उतरला कीं ‘थंडी दुप्पट झाली’, आणि २० वरून ४० वर चढला कीं ‘उन्हाळा दुप्पट तापला’. वाचणारास त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. बाराचे निम्मे सहा आणि विसाची दुप्पट चाळीस, हा हिशेब तर पाटीवर शिकणाऱ्या मुलासही येतो. परंतु सारा जन्म महसूल खात्यांत आंकडे उतरण्यांत व ताडून पाहण्यांत घालविलेल्या आम्हांसारख्यांस हा हिशेब खटकतो. शिवाय हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. त्यापायीं शेतकऱ्याच्या पदरचे पैसे जातात, असें आमच्या घरच्याच अनुभवानें ठरलें आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोष्ट एका जानेवारीची. आमचे धाकटे मेहुणे नाशिक जिल्ह्यांत द्राक्षाची बाग करतात. माल तयार होत आला होता; मण्यांत पुरी गोडी उतरण्यास चार-सहा दिवस काय ते उरले होते. इतक्यांत उत्तरेकडील वारे सुटले आणि रात्रीचें किमान उष्णतामान दोन दिवसांत १२ अंशांवरून ६ अंशांवर आलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं व्यापारी बांधावर हजर ! त्यानें बातमीच पुढें धरली. म्हणाला, “थंडी दुप्पट झाली. आतां मणी भरत नाहीं. उद्यां आणखी दुप्पट होईल. आज देत असाल तर घेतों.” मेहुण्यांनीं आम्हांस फोन केला. “दाजी, थंडी दुप्पट झाली म्हणतात, आणि आंकडाही तसाच आहे. आतां थांबून काय करायचें ?” त्या घटकेस आम्हांसही उत्तर सुचलें नाहीं. सौदा झाला, तो किलोमागें ९ रुपये कमी भावानें. पुढें पांच दिवसांनीं वारा फिरला, थंडी ओसरली, आणि शेजारच्या बागा दोन-तीन दिवस उशिरानें कां होईना, पण पुऱ्या गोडीनें व चालू भावानें गेल्या. व्यापाऱ्यास आम्ही बोल लावीत नाहीं. भाव पाडून मागणें हा त्याचा धंदाच आहे. बोल आम्हांलाच. ‘दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट ?’ हा साधा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं.

दुप्पट आणि निम्में हे शब्द कोठें शोभतात तें आधीं पाहूं. सात-बाऱ्यावर एकाच्या नांवें ४ एकर व दुसऱ्याच्या नांवें २ एकर जमीन आहे. गुंठे केले तर १६० व ८० होतात. हेक्टर-आर केले तर सुमारें १ हेक्टर ६२ आर व ८१ आर होतात. माप बदललें, आंकडे बदलले, पण पहिल्याची जमीन दुसऱ्याच्या दुप्पट, ही गोष्ट जागची हालली नाहीं. पिकाचेंही तसेंच. पूर्वीं सोळा आण्यांची आणेवारी होती, आतां शंभर पैशांची पैसेवारी आहे. आठ आणे पीक म्हणजेच पन्नास पैसे पीक, निम्में तें निम्मेंच. याचें कारण इतकेंच कीं, शून्य एकर, शून्य गुंठे व शून्य आर या सर्वांचा अर्थ एकच आहे : जमीन मुळींच नाहीं. शून्य आणे व शून्य पैसे यांचाही अर्थ एकच : पीक मुळींच नाहीं. ज्या मापाचें शून्य असें खरें असतें, तेथेंच दुपटीची भाषा खरी ठरते.

आतां दुसऱ्या जातीचें माप घ्या. इसवी सन २००० हें वर्ष सन १००० च्या दुप्पट आहे, असें कोणी शहाणा म्हणेल काय ? त्याच दोन वर्षांस शालिवाहन शकाचे आंकडे लाविले तर १९२२ व ९२२ असे येतात. मग ती दुप्पट गेली कोठें ? ती मुळांत नव्हतीच. सन कोठून मोजावा आणि शक कोठून मोजावा हें माणसांनीं ठरविलेलें आहे; त्यापूर्वीं काळ नव्हता असें नाहीं. मात्र त्या दोन वर्षांमधील अंतर सनानें मोजा किंवा शकानें मोजा, एक हजार वर्षेंच भरतें. म्हणजे अशा मापांत अंतर खरें, पट खोटी. आमच्या समजुतीप्रमाणें या सर्व विषयाची किल्ली एवढीच आहे.

उष्णतामानाचे जे दोन मापक आपल्या परिचयाचे आहेत, ते दोन्ही या दुसऱ्या जातीचे. त्यांचीं शून्यें कशीं ठरलीं हें ऐकण्यासारखें आहे. फॅरनहाइट यानें १७२४ सालीं आपला मापक प्रसिद्ध केला. त्यानें बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाचा गारवा शून्य धरला. त्या मापकावर पुढें पाणी गोठण्याची खूण ३२ वर व उकळण्याची २१२ वर स्थिर झाली. स्वीडन देशांतील ज्योतिषी सेल्सियस यानें १७४२ सालीं पाण्यावरूनच दोन्ही खुणा केल्या आणि मधल्या भागाचे शंभर अंश पाडले; परंतु त्यानें उकळत्या पाण्यास शून्य व गोठत्या पाण्यास शंभर असा उलटा क्रम लाविला होता ! तो क्रम पुढें लवकरच फिरविण्यांत आला, आणि तोच मापक आज आपण वापरतों. पूर्वीं त्यास सेंटिग्रेड म्हणत. १९४८ सालापासून सेल्सियस हें नांव अधिकृत झालें. यावरून दिसेल कीं, दोन्ही मापकांचें शून्य ही सोयीसाठीं मारलेली मेख आहे. बांधावर मेख कोठेंही मारतां येते, पण मेखेच्या अलीकडेही जमीन असतेच. तसेंच या शून्याखालींही ऊब असतेच.

आतां आमच्या मेहुण्यांच्या थंडीची परीक्षा या सर्व मापकांवर करूं. सेल्सियसवर १२ चे ६ झाले, निम्मे दिसतात. त्याच दोन रात्रींचे फॅरनहाइट अंश ५३.६ व ४२.८ होतात. म्हणजे आंकडा अवघा एक-पंचमांश उतरला. सेल्सियसनें प्रथम केलेल्या उलट्या मापकावर हेच आंकडे ८८ व ९४ असे आले असते. तेथें थंडी वाढली तसा आंकडाही थोडासा वाढला असता. हवा तीच, रात्री त्याच, बाग तीच. एकाच्या हिशेबानें निम्मी ऊब गेली, दुसऱ्याच्या हिशेबानें पांचवा हिस्सा. जी गोष्ट मापक बदलतांच बदलते, ती हवेंतली गोष्ट नव्हे. ती मापकाच्या पट्टीवरची गोष्ट होय. वीस व चाळीस या जोडीचीही हीच गति. फॅरनहाइटवर ते ६८ व १०४ होतात, म्हणजे दुप्पट नव्हे, दीडपटीच्या आसपास.

अजून शंका असेल त्यानें हिमालयाकडे पाहावें. तेथें हिवाळ्यांत पारा नित्य शून्याखालीं जातो. काल ४ अंश होते व आज शून्य झाले, तर थंडी किती पट वाढली ? काल २ होते व आज उणे २ झाले, तर किती पट ? काल शून्य होतें त्याच्या दुप्पट थंडी आज पडली, तर आंकडा काय मांडावा ? या प्रश्नांस उत्तर नाहीं. जो हिशेब शून्यापाशीं येऊन मोडतो, तो बारा व सहा यांच्यापाशींही मोडकाच होता. फक्त तेथें तो दिसत नव्हता.

मग उष्णतामानाचें खरें शून्य कोठेंच नाहीं काय ? आहे. विल्यम थॉमसन, ज्यांना पुढें लॉर्ड केल्विन म्हणूं लागले, त्यांनीं १८४८ सालीं निरपेक्ष मापकाची कल्पना मांडली. पदार्थ जसजसा थंड होत जातो तसतशी त्याच्या कणांची हालचाल मंदावत जाते, आणि एका मर्यादेखालीं आणखी थंड होणें शक्यच नसतें. ती मर्यादा सेल्सियसच्या शून्याखालीं २७३.१५ अंशांवर आहे. तेथून मोजलेल्या अंशांस आतां केल्विन म्हणतात. या मापकावर मात्र दुप्पट म्हणण्यास आधार आहे. मग या मापकावर आमच्या मेहुण्यांची थंडी किती भरते ? २८५.१५ वरून २७९.१५. म्हणजे शेंकडा दोनांहून किंचित् अधिक घट ! आणि २० अंशांची खरोखर दुप्पट करावयाची म्हटली तर ती ४० अंशांवर होत नाहीं, सुमारें ३१३ अंशांवर होते. कथील २३२ अंशांवर वितळतें. म्हणजे ‘दुप्पट उन्हाळा’ खरोखर आला असता, तर कल्हई भांड्यांवरून ओघळून गेली असती आणि ती बातमी वाचण्यास कोणी उरलें नसतें.

केल्विनची ही पट नुसती कागदावरची नव्हे. बंद जागेंतील हवेचा दाब याच मापकाच्या प्रमाणांत वाढतो. ट्रॅक्टरच्या टायरमधली हवा सकाळीं २० अंशांवर असते व दुपारीं ४० अंशांवर जाते. तिची उष्णता खरोखर दुप्पट झाली असती, तर आंतील हवेचा दाबही दुप्पट झाला असता आणि वैशाखांत रोज दुपारीं गांवोगांवचे टायर फुटले असते. प्रत्यक्षांत तो दाब शेंकडा सातच्या आंतबाहेर वाढतो. टायरला सेल्सियसही ठाऊक नाहीं आणि फॅरनहाइटही ठाऊक नाहीं. तो खरें तेंच सांगतो.

येथें एका गैरसमजापासून वाचकांस सावध केलें पाहिजे. केल्विनच्या हिशेबानें घट शेंकडा दोनच आहे, तेव्हां थंडीची चिंता करण्याचें कारण नाहीं, असा अर्थ कोणी काढील तर तो ‘दुप्पट’ म्हणणाऱ्याहून अधिक फसेल. हवेच्या कणांस जें प्रमाण लागू आहे तें वेलीस व जनावरास लागू नाहीं. केळें सुमारें १३ अंशांखालीं ठेविलें तर त्याची साल काळवंडते व फळ नीट पिकत नाहीं. म्हणून जळगांवकडील केळीं शीतगाडींतून १३-१४ अंशांवर पाठवितात. त्याच गाडींत ‘आणखी चांगलीं राहतील’ म्हणून कोणी ७ अंश लाविले, तर केल्विनवर तो फरक शेंकडा दोनांचाच, पण माल सगळा वायां. उलट द्राक्षें काढणीनंतर शून्याच्या आसपास ठेवलीं म्हणजेच टिकतात. सजीवाच्या बाबतींत पटीला महत्त्व नाहीं. कोणत्या खुणेच्या खालीं गेलें, किती अंश गेलें व किती वेळ तेथें राहिलें, हे प्रश्न महत्त्वाचे.

कोणी म्हणतील, “आंकड्यांचें राहूं द्या, आमच्या अंगाला तर थंडी दुप्पट वाटली ना?” वाटली असेल, वाटण्यावर कोणाचा कर नाहीं. पण अंग हा किती लहरी मापक आहे हें शेतकऱ्याइतकें कोणास ठाऊक असणार ? विहिरीचें पाणी हिवाळ्याच्या पहांटेस कोमट लागतें व उन्हाळ्याच्या दुपारीं गार लागतें. त्यांत उष्णतामापक सोडून पाहावें, तर दोन्ही ऋतूंत फारसा फरक दिसत नाहीं. बदललेलें असतें तें आपलें अंग. पहांटे कुदळीच्या लोखंडाला हात लाविला तर चटका बसावा तसें होतें, आणि तिच्या लांकडी दांड्याला लाविला तर कांहीं वाटत नाहीं. रात्रभर दोन्ही एकाच ओट्यावर पडलेलीं, दोन्हींचें उष्णतामान एकच. लोखंड हाताची ऊब झपाट्यानें ओढून घेतें, लांकूड हळूहळू घेतें, एवढाच भेद. वाऱ्याची झुळूक आली कीं तीच हवा अधिक गार वाटते. कोंकणांतल्या ओल्या हवेंत घाम वाळत नाहीं म्हणून तेथले ३५ अंश वऱ्हाडांतल्या कोरड्या ३५ अंशांहून जड जातात. पपई उष्ण व ताक थंड असें घरांत म्हणतात, त्यास तर मापकच नाहीं. तेव्हां अंगाची साक्ष घ्यावी, पण तिच्यावर निवाडा देऊं नये.

मग उष्णतामानाची तुलना करूंच नये काय ? अवश्य करावी, पण अंतराची करावी. तापाचें उदाहरण घ्या. फॅरनहाइटवर निरोगी अंग ९८.६ धरतात. एका मुलास १०० ताप आहे व दुसऱ्यास १०४ आहे. दुसऱ्याचा ताप शेंकडा चारच अधिक, असें म्हणून कोणती आई स्वस्थ बसेल ? ती जाणते कीं, पहिल्याचें अंग १.४ अंशांनीं चढलें आहे व दुसऱ्याचें ५.४ अंशांनीं. येथें ‘जवळजवळ चौपट चढ’ म्हणणें अगदीं रास्त आहे. सेल्सियसवर तोच चढ अनुक्रमें ०.८ व ३ अंश भरतो, आणि पट तीच राहते. अंतरांची पट कोणत्याही मापकावर टिकते, कारण अंतराचें शून्य खरें असतें : शून्य अंतर म्हणजे फरकच नाहीं.

आपलें हवामान खातें हीच रीत पाळतें. मैदानी मुलुखांत दिवसाचें कमाल उष्णतामान निदान ४० अंश झालें व तें त्या ठिकाणच्या त्या दिवसांतल्या सरासरीहून ४.५ ते ६.४ अंशांनीं अधिक असलें, म्हणजे उष्णतेची लाट, फरक ६.४ हून अधिक असला, म्हणजे तीव्र लाट. थंडीच्या लाटेसही किमान उष्णतामान १० अंश किंवा त्याखालीं आणि सरासरीहून तितकीच घट, असा नियम आहे. या सर्व नियमांत ‘दुप्पट’ हा शब्द कोठेंही नाहीं. जें त्या खात्याच्या पत्रकांत नसतें, तें बातमींत कोठून शिरतें, याचा विचार बातमी लिहिणारांनीं करावा.

अंतराच्या हिशेबांत आणखी एक चूक फार होते. अंतर एका मापकावरून दुसऱ्यावर नेतांना ३२ मिळवावयाचे नसतात. ३२ ही मेखेची जागा आहे. अंतराला मेख लागत नाहीं. पॅरिस येथील २०१५ सालच्या करारांत पृथ्वीच्या सरासरी उष्णतामानाची वाढ १.५ अंशांवर रोखण्याचा प्रयत्न करावा असें ठरलें. ही वाढ फॅरनहाइटवर २.७ अंश होते. कोणी सरळ कोष्टक पाहून ३४.७ अंश असें लिहील, तर तो पृथ्वीची भट्टीच करून सोडील. उलट दीड अंश म्हणजे कांहींच नाहीं, असें म्हणणारेही भेटतात. एका दुपारचा दीड अंश आणि साऱ्या पृथ्वीच्या सर्व वर्षांच्या सरासरीचा दीड अंश यांत, एका शेताची पैसेवारी आणि साऱ्या राज्याची पैसेवारी यांत आहे, त्याहूनही मोठें अंतर आहे.

आतां शेतकऱ्याच्या खऱ्या कामाची गोष्ट. पिकाच्या बाबतींत ‘निम्में’ व ‘दुप्पट’ म्हणतां येण्याजोगा एक हिशेब आहे, आणि तो जुना आहे. फ्रान्समधील रेओम्युर यानें १७३५ सालींच असें दाखविलें कीं, पीक तयार होण्यास किती दिवस लागतात हें त्या दिवसांत मिळालेल्या उबेच्या बेरजेवर अवलंबून असतें. आज त्याची रीत अशी आहे. प्रत्येक पिकाचें एक आधार-उष्णतामान असतें. त्याखालीं पिकाची वाढ जवळजवळ थांबते. द्राक्षास तें १० अंश धरतात. दिवसाचें कमाल व किमान यांची सरासरी काढावी, तींतून १० वजा करावेत. उरेल ती त्या दिवसाची कमाई. येथें शून्य कमाई म्हणजे खरोखर वाढ नाहीं. म्हणजे हें शून्य वेलीनें ठरविलेलें आहे, कांचेची नळी करणारानें नव्हे. यास्तव येथें पटीची भाषा चालते. तीच कमाई फॅरनहाइटवर ५० वजा करून काढली तरी पट बदलत नाहीं.

या रीतीनें आमच्या मेहुण्यांच्या बागेचा हिशेब आम्हीं मागाहून मांडला. आधीं मांडला असता तर बरें झालें असतें. थंडीपूर्वीं दिवसाचें कमाल २८ व रात्रीचें किमान १२ होतें. सरासरी २०, कमाई १०. थंडींत कमाल २६ व किमान ६. सरासरी १६, कमाई ६. म्हणजे वेलीच्या दृष्टीनें ऊब निम्मी झाली नव्हती. दहा हिश्शांपैकीं सहा हिस्से राहिली होती. पूर्वीं तीन दिवसांत जी ३० ची कमाई होत होती, तीस आतां पांच दिवस लागणार होते. थंडीची लाट पांच दिवस टिकली; बागेचें नुकसान म्हणजे अवघी दोन दिवसांची खोटी ! शेजारच्या बागा दोन-तीन दिवस उशिरानें निघाल्या, त्याचें गणित हेंच. रात्रीचा एक आंकडा निम्मा झालेला पाहून आम्हीं घाबरलों, आणि दिवसाचा आंकडा २८ वरून २६ वर आला होता, म्हणजे ऊन बहुतेक जागेवर होतें, हें पाहण्याचें विसरलों. या हिशेबानें सर्व कांहीं कळतें असें आमचें म्हणणें नाहीं. पारा आणखी उतरून गोठणबिंदूच्या जवळ गेला असता, तर मणी तडकण्याचें व पानें करपण्याचें भय खरें होतें, आणि तेथें कमाईचा हिशेब उपयोगी पडत नाहीं. पण तें भय ‘किती पट’ यावर नव्हे, ‘किती अंशांवर’ यावर ठरतें.

शेवटीं, अंश कोठें मोजले हेंही पाहावें लागतें. वेधशाळेचा मापक पांढऱ्या, फटींच्या पेटींत, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर ठेवितात. निरभ्र व वारा नसलेल्या रात्रीं जमिनीलगतची हवा त्याहून पुष्कळ थंड होते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठल्याची बातमी येते आणि त्याच दिवशीं तेथील अधिकृत आंकडा शून्याच्या बराच वर असतो, त्याचें कारण हेंच. पुणें येथें १९३२ सालीं हवामान खात्याची शेतकी शाखा सुरू झाली. तेथील डॉक्टर रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें कीं, अशा रात्रीं उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर मातीला चिकटून नसतो, तर तिच्यापासून कांहीं इंच वर असतो. जगांतील शास्त्रज्ञ आजही या थरास रामदासांचें नांव देतात. आमच्या पुण्याच्या मातीवर मिळालेलें हें ज्ञान आमच्याच शेतकऱ्यांस ठाऊक नसावें, ही खेदाची गोष्ट होय. तालुक्याच्या ठिकाणचा आंकडा आपल्या ओढ्याकांठच्या सखल वाफ्यास जसाच्या तसा लागू पडत नाहीं, एवढा बोध तरी त्यांतून घ्यावा.

या सर्वांवरून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, बातमी देणारांस. ‘दुप्पट थंडी’ व ‘दुप्पट ऊन’ हे शब्द टाकून द्यावेत. त्यांऐवजीं कमाल किती, किमान किती, आणि त्या तारखेच्या सरासरीहून किती अंश कमी-अधिक, एवढें द्यावें. जागा तितकीच लागेल. दुसरी, आपल्या संस्थेस. प्रत्येक शाखेच्या गांवीं कमाल-किमान दाखविणारा एक मापक सावलींत, योग्य उंचीवर बसवावा, आणि पीकपाहणीच्या वहीसारखी त्याची वही ठेवावी. रोज सकाळीं दोन आंकडे लिहिण्यास अर्धें मिनिट लागतें. आम्हीं नोकरींत असतांना कोरड्या वाटणाऱ्या वह्या पुष्कळ लिहिल्या. वीस वर्षांनीं एखाद्याचा वाद त्याच वहीनें मिटतांना पाहिला, तेव्हां त्यांची किंमत कळली. पीकविम्याच्या वा नुकसानीच्या प्रश्नांतही, आपल्या हातची नियमित नोंद जवळ असणाराचें बोलणें पोकळ ठरत नाहीं. तिसरी सूचना वाचकांस, आणि आम्हांलाही. थंडी किंवा ऊन यांवरून कोणी घाईचा सौदा मागूं लागला, तर तीन प्रश्न विचारावेत : किती अंशांवरून किती अंशांवर ? माझ्या पिकाच्या धोक्याच्या खुणेपासून तें किती दूर ? आणि किती वेळ तसें राहिलें ? चौथा प्रश्न, किती पट, हा विचारूं नये. आणि दुसऱ्यानें सांगितला तर त्यावर भाव ठरवूं नये.

आमच्या मेहुण्यांनीं त्या हंगामानंतर बागेच्या मध्यभागीं असा एक मापक टांगला आहे, आणि खाली दोरीनें वही बांधली आहे. पुढल्या हिवाळ्यांत पारा पुन्हां उतरला तेव्हां त्यांचा फोन आला. “दाजी, रात्रीं साडेसात, दिवसा सत्तावीस, कमाई सव्वासात. व्यापाऱ्याला चार दिवसांनीं ये म्हणून सांगितलें आहे.” आम्हीं विचारलें, “थंडी किती पट वाढली ?” ते हंसले व म्हणाले, “तें त्यालाच ठाऊक !” वाचकांपैकीं ज्यांच्या शेतांत अशी वही असेल त्यांनीं तींतील नोंदी या मासिकाकडे धाडाव्यात, आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांनीं ती या संक्रांतीपूर्वीं सुरू करावी, अशी आमची विनंति आहे.